तंजावरचा श्रोता आणि नभोवाणीची बदलती घडण

तंजावर प्रांतातील नभोवाणीचा वृत्तांत लिहावयाचा तर लेखकास आरंभी तंजावर सोडून सुमारे पंचावन्न किलोमीटर पश्चिमेकडे, कावेरीच्याच काठी वसलेल्या तिरुचिरापल्लीस, म्हणजे मराठी दफ्तरांतील त्रिचनापल्लीस जावे लागते. कारण १६ मे १९३९ रोजी ऑल इंडिया रेडिओने तेथे जे केंद्र उघडले, त्याच्याच लहरींवर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मिरासदार, वकील, मठाधिपती, शाळामास्तर आणि कालांतराने कुळे व मजूर यांच्या कानांवर पहिल्यांदा दूरचा आवाज पडला. त्यानंतरच्या आठ-साडेआठ दशकांत या प्रदेशाने नभोवाणीची अनेक रूपे पाहिली: कर्नाटक संगीताची सभा, सरकारी पाठशाळा, शेतकऱ्याची सल्लागार, चित्रपटगीतांची पेढी, आणि हल्ली ज्यास सर्रास ‘एफएम’ म्हणतात ती चोवीस तास बडबडणारी सोबतीण. ही रूपांतरे लोकांची अभिरुची पालटली म्हणून झाली, असे या विषयावरील बहुतेक लेखन गृहीत धरून चालते. मला ते पटत नाही. कार्यक्रमांची घडण प्रत्येक वेळी पालटली ती जमाखर्चाचे पान पालटल्यामुळे. खर्चाचा भार ज्याने उचलला त्याने आपल्या डोळ्यांसमोर जो श्रोता धरला, त्या श्रोत्यासाठी कार्यक्रम बेतले गेले, आणि बाकीच्यांनी ते कडेला उभे राहून ऐकले.

तंजावरात हा प्रकार नभोवाणीपेक्षा जुना आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचा अंमल होता, आणि तो संपुष्टात येण्याच्या सुमारास व त्यानंतरही महाराष्ट्रातून कीर्तनकार या नगरीत येत राहिले. त्यांच्यात रामचंद्रबुवा मोरगावकर यांचे नाव विशेष घेतले जाते. या मंडळींच्या कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, साकी, दिंडी, ओवी, आर्या आणि अभंग हे छंद तंजावर कृष्ण भागवतरांनी उचलले आणि त्यांत कर्नाटक रागसंगीताची भर घालून तामिळ देशाच्या हरिकथेस आजचे स्वरूप दिले. दरबाराचा आश्रय आटला तेव्हा ही कला मठांच्या, मिरासदारांच्या आणि पुढे शहरी सभांच्या दारी गेली, आणि प्रत्येक दारी तिच्या लांबीत, भाषेत व विनोदात फरक पडला. नभोवाणीचे दार या मालिकेत सर्वांत शेवटी आले. त्याच्या चौकटीवर घड्याळ टांगलेले होते, एवढाच काय तो फरक.

मद्रास इलाख्यात ध्वनिक्षेपणाची सुरुवात हौशी लोकांनी केली. १९२४ साली सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रासेत रेडिओ क्लब स्थापन झाला, द्रव्याच्या टंचाईने तो १९२७ साली थंडावला, आणि त्याचे यंत्र मद्रास कॉर्पोरेशनने ताब्यात घेऊन १९३० पासून नगरवासीयांसाठी चालविले. १९३८ साली ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र निघाले आणि पुढल्याच वर्षी तिरुचिरापल्लीचे. १९४७ साली फाळणीनंतर भारताच्या वाट्यास जी सहा केंद्रे आली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली, त्यांत राजधानीचा वा मोठ्या व्यापारपेठेचा कोणताही मान नसलेले हे एकच गाव असावे, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकास विचार करावयास लावील, कारण त्या यादीत पुण्याचे नाव नव्हते. त्या वेळी या सहा केंद्रांचा आवाज देशाच्या केवळ अडीच टक्के भूमीवर आणि अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत असे.

श्रोत्यास त्या काळी परवाना काढून दरसाल दहा रुपये भरावे लागत. भाताच्या खंडावर जगणाऱ्या घरांनाच ते परवडे. म्हणून आरंभीच्या तिरुचिरापल्लीने ज्या श्रोत्यास उद्देशून कार्यक्रम आखले तो श्रोता बहुधा तोच होता, जो मार्गळीच्या महिन्यात सभेत पहिल्या रांगेत बसे. कलावंतांसाठी केंद्रास दूर जावे लागत नव्हते, कारण कर्नाटक संगीताची जी त्रिमूर्ती म्हणतात ती तिरुवारूरची, आणि गावोगावच्या देवळांत नादस्वरम् व तविल वाजविणाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. परंतु देवळाच्या मिरवणुकीत रात्रभर एकच राग खुलविणाऱ्या वादकास ध्वनिक्षेपणगृहात मोजकी मिनिटे मिळू लागली. तिरुवावडुतुरैचे टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै, ज्यांचे नादस्वरम् १५ ऑगस्ट १९४७ च्या स्वातंत्र्यसोहळ्यात नभोवाणीवरून देशाने ऐकले, त्यांच्या तोडी रागाच्या विस्ताराच्या कथा आजही सांगितल्या जातात, आणि तो विस्तार घड्याळात मावणारा नव्हता हे त्या कथांतच गृहीत असते. अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी मैफलीत अनेक लहानमोठ्या रचनांचा जो आटोपशीर क्रम आधीच रूढ केला होता, तो या नव्या माध्यमास फार सोयीचा पडला. गायकांनी तो नभोवाणीसाठी पत्करला आणि सभांतही तोच टिकला.

या संगीताच्या भाषेवरून लवकरच तंटा उभा राहिला. कृती बहुतांशी तेलुगू व संस्कृत, आणि श्रोते तामिळ. १९४१ साली अण्णामलैनगर येथे भरलेल्या परिषदेत तामिळ गीतांस मैफलीत व नभोवाणीवर अधिक स्थान मिळावे अशी मागणी झाली, १९४३ साली राजा सर अण्णामलै चेट्टियार यांच्या आश्रयाने तामिळ इसै संगम् स्थापन झाला, आणि जन्माने तंजावर जिल्ह्यातलेच असलेले लेखक कल्की कृष्णमूर्ती यांनी त्या पक्षाची बाजू मोठ्या जोमाने मांडली. श्रोत्याने कार्यक्रमांची घडण बदलण्याचा आग्रह धरावा, आणि तो पत्रव्यवहारातून न धरता परिषदेच्या ठरावातून धरावा, याचे हे फार लवकरचे उदाहरण म्हटले पाहिजे.

तिरुवय्यारूच्या त्यागराज-आराधनेची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. त्या त्रिमूर्तीतले त्यागराज ६ जानेवारी १८४७ रोजी, तंजावरच्या शेवटच्या भोसले राजाच्या कारकीर्दीत, तिरुवय्यारू येथे निवर्तले. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःचे द्रव्य वेचून त्यांच्या समाधीवर मंदिर उभारण्यापूर्वीच तेथे उत्सव भरत असे, पण त्यात ‘मोठा पक्ष’ आणि ‘धाकटा पक्ष’ अशी दुही होती, आणि स्त्रियांस गावयास मज्जाव असल्यामुळे नागरत्नम्मांनी तिसरा पक्ष काढला. १९४० च्या सुमारास हे सर्व पक्ष एकत्र आले, आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती सर्वांनी एका सुरात म्हणावयाच्या असा संकेत त्यानंतर रूढ झाला. नभोवाणीने पुढे हेच सामुदायिक गायन ठिकठिकाणच्या केंद्रांवरून थेट ऐकविले. एकेका विद्वानाच्या भिन्नभिन्न मनोधर्माने, म्हणजे उत्स्फूर्त विस्ताराने, गाइलेला दिवसभराचा उत्सव प्रक्षेपणास अवजड. पण आरंभ-शेवट ठरलेले, सर्वांना पाठ असलेले, तासाभरात आटोपणारे पंचरत्न-गायन जणू प्रक्षेपणासाठीच घडविले असावे इतके सोयीचे. आराधना म्हणजे पंचरत्न, ही आजची सार्वत्रिक समजूत रुजण्यास ध्वनिक्षेपकाचा हातभार लागला असावा, असे मला वाटते. आणि गंमत अशी, की या केंद्राच्या इतर सर्व घडणी पालटल्या, परंतु पुष्य वद्य पंचमीच्या त्या सकाळचा कार्यक्रम पालटला नाही; कारण तेथे नभोवाणी स्वतःच उत्सवाच्या मांडवात जाऊन बसली होती.

स्वातंत्र्यानंतर खर्चाचा भार सरकारने उचलला, आणि सरकारच्या मनातला श्रोता हा विद्यार्थी होता. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, संगीताचे जाणकार, आणि जनतेच्या अभिरुचीचे शुद्धीकरण करता येते यावर गाढ विश्वास असलेले गृहस्थ. त्यांच्या अमदानीत चित्रपटगीते नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगावयाचे नाही या हुकुमावरून निर्मात्यांशी बिनसले आणि त्यांनी परवानग्या काढून घेतल्या. त्याच काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलने सुरू झाली, हे त्यांच्या खात्यावर जमा धरलेच पाहिजे. पण तंजावरच्या तरुणास हद्दपार गाणी शोधावयास दूर जावे लागले नाही. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे रेडिओ सिलोनचे तामिळ प्रक्षेपण चालू होते, कोलंबो त्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ होते, आणि तेथे गाणी होती, जाहिराती होत्या, श्रोत्यांच्या फर्माइशी आणि त्यांची नावे घेणारे हसतमुख निवेदक होते. महाराष्ट्राने बिनाका गीतमालेसाठी जे केले तेच कावेरीकाठाने केले. सरकारने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून, पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई-पुणे-नागपूर येथे आणि १९६९ साली मद्रास व तिरुचिरापल्ली येथे जाहिरातींना दार उघडून हा पराभव मान्य केला. जाहिरातदार हा नवा धनी, आणि साबण विकत घेणारी गृहिणी ही त्याच्या मनातली श्रोती.

परंतु तिरुचिरापल्ली केंद्राचे सर्वांत मोठे काम संगीताच्या क्षेत्रात झालेच नाही; ते चिखलात झाले. त्याचा उगम महाराष्ट्रात सापडतो. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचे कार्यक्रम केले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी, निर्णय घ्यावा आणि शंका केंद्राकडे लिहून धाडाव्यात, अशी ती योजना होती. तिची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी केली आणि तिचा निष्कर्ष अनुकूल निघाला. या योजनेत श्रोत्याचा प्रश्न हा कार्यक्रमाचा भाग झाला होता.

तंजावर जिल्हा १९६० च्या सुमारास सघन शेती योजनेसाठी निवडलेल्या देशातील पहिल्या सात जिल्ह्यांपैकी एक होता. याच जिल्ह्यातल्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने जपानी व देशी जातींच्या संकरातून एडीटी २७ हे कुरुवै हंगामास योग्य असे लवकर येणारे वाण सिद्ध केले. १९६६ साली नभोवाणीने निवडक केंद्रांवर शेती व गृह विभाग उघडले, त्यांत तिरुचिरापल्ली होते. या विभागाने वाणाची लागवड, खताची मात्रा, रोपणीची तारीख, किडीचा बंदोबस्त ही माहिती शेतकऱ्यांच्याच बोलीत, शेतावर जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतींतून, हंगामाच्या पायरीपायरीने दिली. वाण झपाट्याने पसरले, आणि लोकांनी त्याचे सरकारी नाव बाजूस सारून त्यास ‘रेडिओचा तांदूळ’ म्हणावयास आरंभ केला. एखाद्या पिकाने ध्वनिक्षेपणाचे नाव धारण करावे अशी दुसरी हकीकत माझ्या वाचनात नाही. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला होता, बांधावर नेता येत होता, आणि मेट्टूर धरणाची पातळी किती फूट हे कळणे म्हणजे रोपणीचा मुहूर्त कळणे होते. इतका निकडीचा श्रोता नभोवाणीस पुन्हा कधी मिळाला नाही.

या यशोगाथेची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. त्या कार्यक्रमांचा श्रोता होता बी विकत घेणारा, खत उधार आणणारा, कोणते वाण पेरावयाचे हे ठरविण्याचा ज्यास अधिकार आहे असा मनुष्य. आणि तंजावरात जमिनीची मालकी इतकी विषम होती, की चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बहुसंख्यांस तो अधिकारच नव्हता. १९५२ साली कुळांच्या व पण्णैयाळ म्हणविल्या जाणाऱ्या बांधील सालदारांच्या संरक्षणार्थ खास तंजावरसाठी कायदा करावा लागला होता. उत्पन्न वाढले तेव्हा मजुरीत मिळणाऱ्या भाताचे माप वाढवून मागण्यात आले, मालकांनी बाहेरचे मजूर आणले, आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे चव्वेचाळीस दलित स्त्री-पुरुष-बालके एका झोपडीत जाळून मारली गेली. यास नभोवाणी कारण होती असे कोणीही म्हणणार नाही. पण उत्पन्न कसे वाढवावे हे सांगणारी घडण सिद्ध झाली असता, वाढलेले उत्पन्न कसे वाटावे हा प्रश्न ज्या घडणीत बसतच नाही, ती घडण अपुरी होती, एवढे म्हणणे भाग आहे. पुण्याच्या श्रोतृमंडळांत निदान प्रश्न विचारण्यास जागा होती. पुढे शेतीचे कार्यक्रम सल्ल्याचे झाले, आणि सल्ला हा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे वाहतो.

एफएमचा प्रवेश होतो तो येथे. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, म्हणूनच ९३६ किलोहर्ट्झवरील तिरुचिरापल्ली सगळ्या त्रिभुज प्रदेशाला पुरत असे. एफएमची लहर नजरेच्या टप्प्याएवढीच चालते, मात्र तिचा आवाज स्वच्छ असतो. या एका भौतिक भेदाने कार्यक्रमांची घडण आकुंचित झाली: मोठ्या प्रदेशास उद्देशून बोलणारा निवेदक सर्वांस समजेल असे बोलतो, लहान वर्तुळात बोलणारा गल्लीबोळांची नावे घेतो. देशातले पहिले एफएम प्रक्षेपण १९७७ साली मद्रासेत झाले, पहिले स्थानिक केंद्र १९८४ साली नागरकोविल येथे निघाले, आणि त्याच धोरणाने महाराष्ट्रात नगर, बीड, सातारा, धुळे, नांदेड, तर त्रिभुज प्रदेशाच्या टोकाशी कारैक्काल येथे केंद्रे आली. कारैक्कालच्या १००.३ वर मासेमार, शेतकरी आणि शाळकरी मुले यांस एकाच दिवसात जागा मिळे. सरकारी नभोवाणीचे हे रूप मला फार आवडते. त्याच्याविषयी अभिनिवेशाने कोणी लिहिलेले नाही, हे खेदाचे आहे.

खासगी एफएमची कथा मात्र महसुलाच्या भाषेतच सांगावी लागते. १९९३ पासून मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत सरकारने वेळेचे तुकडे मक्त्याने दिले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतरच्या पहिल्या लिलावात बोली इतक्या चढल्या आणि परवाना शुल्क दरसाल पंधरा टक्क्यांनी वाढण्याची अट इतकी जाचक ठरली, की शेकड्याहून अधिक लहरींपैकी फक्त एकवीस चालू झाल्या. २००५ च्या धोरणाने उत्पन्नाच्या चार टक्क्यांचा हिस्सा ठरविला, तेव्हा तिरुचिरापल्लीस सूर्यन् ९३.५ आणि हॅलो १०६.४ ही केंद्रे आली. पहिले सन समूहाचे, दुसरे दिनतंती या दैनिकाच्या घराण्याचे. कोल्हापुरास ‘पुढारी’च्या समूहाने टोमॅटो एफएम चालविले, तसाच हा प्रकार. प्रादेशिक वृत्तपत्रांनी नभोवाणी घेतली खरी, पण परवान्यात बातम्या देण्याची बंदी होती. वृत्तपत्राच्या धन्याकडे वार्ताहर आहेत, छापखाना आहे, ध्वनिक्षेपक आहे, आणि ध्वनिक्षेपकावर बातमी सांगावयाची नाही. मग उरते काय? चित्रपटगीत. त्याचेही कारण हिशेबीच आहे. स्वतःचा वाद्यवृंद बाळगणे परवडत नाही, ध्वनिमुद्रित गाणी आयती मिळतात, आणि २०१० साली कॉपीराइट मंडळाने गीतांचे मानधन निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर आणून ठेवले. म्हणून सकाळी भक्तिगीते, दिवसा नवी गाणी व दूरध्वनीवरील थट्टा, आणि रात्री संगीतकार इळैयराजांची जुनी सुरावट, हा क्रम तामिळ देशात शहरोशहरी सारखा दिसतो. तंजावरचे कान तिरुचिरापल्लीच्या मनोऱ्याच्या टप्प्याच्या कडेला असल्यामुळे जाहिरातदाराच्या हिशेबात ते दुय्यम राहिले. केसकरांनी श्रोत्यास चित्रपटगीत नाकारले, बाजाराने त्यास चित्रपटगीताखेरीज काही देऊ केले नाही. दोघांनीही त्याला विचारले नव्हते.

तिसरी वाट सामुदायिक नभोवाणीची. तंजावरजवळ वल्लम् येथील पेरियार मणियम्मै विद्यापीठाचे ९०.४ हे केंद्र शंभर वॅट शक्तीच्या मर्यादेत, दहा-बारा किलोमीटरच्या परिघासाठी चालते. देवाधर्माची चिकित्सा करणाऱ्या ई. व्ही. रामस्वामी पेरियार यांच्या नावाचे ध्वनिक्षेपण आणि त्यागराजांचा रामनामाचा घोष यांच्यात अंतर पंचवीस किलोमीटरांहून अधिक नसावे, ही या प्रदेशाच्या प्रकृतीस साजेशीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात म्हसवडच्या माणदेशी तरंगने आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने याच वाटेने पावले टाकली. यांचा धनी विद्यापीठ वा संस्था असते, म्हणून घडणही संस्थेच्या वळणावर जाते. तथापि शेतमजूर स्त्री ध्वनिक्षेपकासमोर स्वतः बोलते आहे, हे दृश्य शक्य झाले ते याच व्यवस्थेत, आणि मिरासदाराच्या दिवाणखान्यातून निघालेल्या नभोवाणीने इतकी मजल मारली याची नोंद घेतली पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत सातशे तीस खासगी लहरींच्या लिलावास मंजुरी दिली, आणि लहान शहरांच्या नभोवाणीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. बातम्यांविषयीची अट खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात थोडी सैल झाली आहे: आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा ऐकविता येते, आणि हवामान, परीक्षा, वाहतूक, वीज व पाणीपुरवठा यांविषयीची स्थानिक प्रशासनाची निवेदने बातमी मानली जात नाहीत. यामुळे कावेरीकाठच्या खासगी केंद्रास धरणाचे पाणी सुटल्याचे निवेदन वाचता येईल. पण १९९० साली न्यायाधिकरणाकडे गेलेल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या पाणीवाटपाच्या तंट्यामुळे एखाद्या वर्षी ते का सुटले नाही, हे आपल्या वार्ताहराकडून, आपल्या शब्दांत सांगता येणार नाही. नव्या लिलावात शुल्क किती, टक्के किती याची चर्चा पुष्कळ झाली. या अटीची फारशी झालेली दिसत नाही.